गिलगिटचे डॉक्टर : सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन

थोर पुरुषांचीं चरित्रें या वार्षिकांत नेहमींच येत असतात. त्यांत राजे, सेनापति, साधु व कवि यांचा भरणा अधिक असतो, आणि तें साहजिकहि आहे. यंदां आम्हीं एका वैद्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आहारशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांस सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन हें नांव चांगलें परिचयाचें आहे. त्यांची कीर्ति मुख्यतः जीवनसत्त्वांवरील व आहारावरील संशोधनामुळें झाली. आम्हांस मात्र त्यांच्या तरुणपणच्या एका कामाविषयीं विशेष सांगावयाचें आहे. त्या कामाचा संबंध प्रत्येक घरांतील मातेशीं व तिच्या पोटांतील बालकाशीं पोहोंचतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं हा लेख स्वतः वाचून झाल्यावर घरीं वडील मंडळींसहि वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे.

मॅक्कॅरिसन यांचा जन्म १५ मार्च १८७८ रोजीं आयर्लंडच्या उत्तर भागांतील पोर्टाडाउन या गांवीं झाला. बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजांत व पुढें डब्लिनच्या रुग्णालयांत त्यांचें वैद्यकीय शिक्षण झालें, आणि १९०० सालीं ते वरच्या श्रेणींत पदवी-परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळीं हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकीय खात्यांत, म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें, जागा मिळणें हा मोठा मान समजला जाई. तो मान मिळवून १९०१ सालीं ते या देशीं आले. तेव्हां त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें.

त्यांची पहिली नेमणूक हिंदुकुश पर्वताच्या कुशींतील चित्राळ या दूरच्या ठाण्यावर, सरहद्दीची राखण करणाऱ्या देशी पलटणीचे डॉक्टर म्हणून झाली. हीं ठाणीं हल्लीं पाकिस्तानच्या ताब्यांत आहेत. तेथें उन्हाळ्यांत शिपायांस एक विलक्षण ताप येई. तो तीन दिवस राही व आला तसा निघून जाई. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरानें त्यास हिंवताप समजून कोयनेलची पुडी दिली असती व वहींत तशी नोंद करून तो मोकळा झाला असता. मॅक्कॅरिसन यांनीं त्या तापाचें वेगळें वर्णन लिहून प्रसिद्ध केलें व तो वाळूमाशीच्या चाव्यानें येत असावा असा तर्क केला. पुढें थोड्याच वर्षांत युरोपांतील डॉक्टरांनीं हा तर्क प्रयोगानें खरा करून दाखविला. समोर जें दिसतें तें नीट पाहावयाचें व मोजावयाचें, ही त्यांची संवय तेव्हांपासूनची.

चित्राळहून त्यांची बदली गिलगिट येथें झाली व १९०४ पासून पुढें सुमारें सात वर्षें ते तेथील एजन्सी सर्जन होते. सभोंवार बर्फाच्छादित शिखरें, मधून वाहणारी खळाळती नदी, उतारावर पायऱ्यांसारखीं कोरलेलीं शेतें व जर्दाळूचीं झाडें, असा हा प्रदेश दिसावयास फार रमणीय आहे. परंतु तेथें आलेल्या नव्या माणसाचें लक्ष प्रथम वेधलें जाई तें लोकांच्या गळ्यांकडे. पुरुष, स्त्रिया, मुलें, कितीएकांच्या गळ्याला लिंबाएवढी, कोणाच्या नारळाएवढी गांठ लोंबत असे. हाच गलगंड रोग होय. सुश्रुतसंहितेंत त्याचें वर्णन आहे, तेव्हां तो आपल्या देशांत फार जुना आहे हें उघड आहे.

येथें थोडें शरीरशास्त्र सांगणें अवश्य आहे. कंठमण्याच्या जरा खालीं, श्वासनलिकेस बिलगून, फुलपाखराच्या आकाराचा एक पिंड असतो. त्यास थायरॉइड म्हणतात. या पिंडांतून जो रस रक्तांत मिसळतो त्यावर शरीराची ऊब, वाढ व मेंदूची घडण अवलंबून असते. हा रस तयार होण्यास आयोडीन नांवाचें मूलद्रव्य लागतें. तें समुद्राच्या पाण्यांत, मासळींत, समुद्रकांठच्या जमिनींत असतें. उंच डोंगरांतील जमिनींतून तें बर्फानें व पावसानें धुऊन गेलेलें असतें. आयोडीन मिळेनासें झालें म्हणजे पिंड अधिक काम करण्याच्या खटपटींत फुगत जातो. त्यालाच आपण गलगंड म्हणतों. हें सर्व आज शाळेंतील पुस्तकांत आहे. मॅक्कॅरिसन गिलगिटला पोहोंचले तेव्हां मात्र गलगंडाच्या कारणाविषयीं पंडितांत वाद चालू होता. थायरॉइड पिंडांत आयोडीन असतें हें १८९५ मध्यें जर्मनींत बाउमान यांनीं दाखविलें होतें, तरी त्यावरून सर्वांची खात्री पटली नव्हती. कोणी पाण्यांतील चुन्यास दोष देत, कोणी जंतूंस.

गिलगिट म्हणजे एकाच पाटाच्या पाण्यावर वसलेल्या कांहीं वाड्यांचा समूह होता. पाट वरच्या वाडींतून खालच्या वाडींत उतरत जाई, व प्रत्येक ठिकाणीं लोक त्यांतच धुणीं धूत, गुरें पाजीत आणि पिण्यासाठीं घागरी भरीत. मॅक्कॅरिसन यांनीं घरोघर जाऊन गळे मोजले. वरच्या वाडींत शंभरांत दहाबारा जणांस गलगंड होता. पाट जसजसा खालीं जाई तसतशी संख्या वाढत जाऊन शेवटच्या वाडींत ती शंभरीं पंचेचाळीसच्या आसपास पोहोंचली होती. एका वाडीला स्वतंत्र झऱ्याचें पाणी होतें. तेथें हा रोग जवळजवळ नव्हताच. यावरून त्यांनीं असें ठरविलें कीं, गलगंड हा घाणेरड्या पाण्यांतील जंतूंपासून होणारा रोग आहे.

मग त्यांनीं जें केलें तें वाचून अंगावर शहारे येतात. त्या पाटाचें पाणी गाळून गाळणींत जो गाळ उरे, तो पाण्यांत कालवून ते स्वतः रोज पिऊं लागले. कांहीं स्वयंसेवकहि त्यांत सामील झाले. दुसऱ्या कांहीं जणांस तोच गाळ उकळून देण्यांत आला. कांहीं आठवड्यांत न उकळलेला गाळ पिणाऱ्यांपैकीं कितीएकांचा थायरॉइड पिंड फुगला. मॅक्कॅरिसन यांचाहि फुगला. उकळलेला गाळ पिणाऱ्यांस कांहीं झालें नाहीं. दुसऱ्याच्या अंगावर प्रयोग करून पाहणारे पुष्कळ असतात. येथें पहिला प्याला डॉक्टरानें स्वतः उचलला होता. असले प्रयोग आज कोणास इतक्या सहज करतां येणार नाहींत, व तें बरेंच आहे असें आमचें मत आहे.

मॅक्कॅरिसन यांचे आंकडे खरे होते, धैर्य खरें होतें, पण निष्कर्ष पुरता बरोबर नव्हता. गलगंडाचें मूळ कारण अन्नपाण्यांत आयोडीन नसणें हें होय. अस्वच्छ पाणी, निकृष्ट आहार वगैरे गोष्टी त्यास हातभार लावतात. आयोडीन दिल्यानें गलगंड ओसरतो हें मॅक्कॅरिसन यांस माहीत होतें. परंतु तें पोटांतील जंतूंचा नाश करीत असावें, म्हणून गुण येतो, अशी त्यांनीं त्याची उपपत्ति लावली, व त्याच समजुतीनें ते रोग्यांस थायमॉलसारखीं जंतुनाशक औषधेंहि देत. पुढें अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील अ‍ॅक्रन शहरीं मरीन व किंबॉल या डॉक्टरांनीं १९१७ पासून शाळेंतील मुलींस ठराविक दिवस आयोडीन देऊन गलगंड टाळतां येतो हें सिद्ध केलें, आणि स्वित्झर्लंडांत १९२२ पासून मिठांत आयोडीन मिसळण्यास आरंभ झाला. मॅक्कॅरिसन यांनीं नंतरच्या संशोधनांत आपला मूळचा विचार बराच सैल केला. गलगंडास अनेक कारणें असतात व आयोडीनची उणीव त्यांपैकीं एक आहे, असें ते मानूं लागले.

आतां आम्ही त्या कामाकडे वळतों, ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला. त्या दऱ्याखोऱ्यांत गलगंडाच्या रोग्यांबरोबर आणखी एक दुःखी वर्ग होता. कांहीं मुलें जन्मतःच मुकीं व बहिरीं, पाय ताठर, चालतांना गुडघे एकमेकांवर घासत, डोळे तिरळे, बुद्धि लहान बालकाची. दुसरीं कांहीं मुलें वयानें वाढत, पण शरीरानें खुजींच राहत. कातडी जाड व कोरडी, हालचाल मंद, चेहरा सुजल्यासारखा. पाश्चात्य वैद्य या दोहोंसहि क्रेटिन हें एकच नांव देत. युरोपांत आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत असे अभागी जीव शेंकडों वर्षें जन्मास येत होते, व प्रवासी त्यांचीं वर्णनें लिहून ठेवीत. असलें मूल घरांत निपजलें म्हणजे लोक दैवाला, पूर्वकर्माला किंवा मातेच्या एखाद्या चुकीला बोल लावतात. आपल्याकडेहि हें नवें नाहीं.

मॅक्कॅरिसन यांनीं चित्राळ व गिलगिटच्या खोऱ्यांतील अशा २०३ जणांची पाहणी करून १९०८ सालीं लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत ती छापविली. त्यांत त्यांनीं दोन प्रकार स्पष्टपणें वेगळे केले : पहिला मज्जातंतूंचा, म्हणजे मुके-बहिरेपणा व पायांचा ताठरपणा असणारा, दुसरा खुजेपणा व सूज असणारा. त्या प्रदेशांत पहिल्याचाच भरणा फार मोठा होता. हे दोन प्रकार आजहि वैद्यकांत तसेच मानले जातात. रोग्यांस तपासून ते थांबले नाहींत. त्यांनीं मातांची विचारपूस केली. या मुलांच्या माता बहुतेक गलगंडानें पीडलेल्या आढळल्या. मुलाच्या अपंगतेचें मूळ मुलांत शोधूं नये, तें मूल पोटांत असतांना मातेच्या थायरॉइड पिंडाची जी दुर्बलता होती तींत शोधावें, असा विचार त्यांनीं मांडला. आमच्या मतें त्यांच्या सर्व कामांत ही गोष्ट सर्वांत मोलाची होय. कारणाविषयीं ते चुकले, तरी रोग कोठें व केव्हां जडतो हें त्यांनीं अचूक हेरलें.

या विचाराचें पूर्ण मर्म कळावयास आणखी साठेक वर्षें जावीं लागलीं. गर्भ सुमारें तीन महिन्यांचा होईपर्यंत त्याचा स्वतःचा थायरॉइड पिंड रस करूंच शकत नाहीं, व त्यानंतरहि कित्येक आठवडे तो रस अपुराच पडतो. याच काळांत मेंदूचा पाया घातला जातो व कानाचा आंतील भाग घडतो. त्यासाठीं लागणारा रस मातेच्या रक्तांतूनच यावा लागतो. म्हणून गर्भिणीच्या पिंडास नेहमींपेक्षां जवळजवळ दीडपट काम करावें लागतें. आयोडीन पुरेसें असेल तर हें काम सुखानें होतें. नसेल तर मातेचा गळा फुगतो, आणि तिच्या पोटांतील मेंदू उपाशी राहतो. मूल जन्मल्यानंतर कितीहि आयोडीन दिलें तरी गेलेला काळ परत येत नाहीं. १९६६ सालीं न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ भागांत एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या कुटुंबांस आयोडीनयुक्त तेलाची सुई टोंचली व निम्म्यांस साधी. साध्या सुईच्या गटांत अशीं २६ मुलें जन्मलीं. आयोडीनच्या गटांत सात, व त्यांपैकीं सहांच्या माता सुई टोंचली तेव्हां अगोदरच गरोदर होत्या. औषध गर्भधारणेपूर्वीं पोहोंचलें पाहिजे, हें यावरून निर्विवाद ठरलें.

असें पूर्ण अपंगत्व आज क्वचित् दिसतें. परंतु उणीव थोडी असली म्हणजे तिचा परिणामहि थोडा व डोळ्यांस न दिसणारा होतो. मूल धडधाकट दिसतें, पण त्याची आकलनशक्ति व्हावयास हवी होती तितकी होत नाहीं. वर्गांत मागें पडणाऱ्या प्रत्येक मुलास हेंच कारण असतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तथापि कित्येक मुलांस आळशी, मठ्ठ म्हणून जी शिक्षा झाली असेल, तींत त्यांचा अपराध किती होता, हा विचार शिक्षकांच्या मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

मॅक्कॅरिसन यांचें पुढील आयुष्य आतां थोडक्यांत सांगतों. १९१३ सालीं त्यांनीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेपुढें गलगंडावर व्याख्यानें दिलीं व त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१७ मध्यें थायरॉइड पिंडावर त्यांनीं दुसरा ग्रंथ लिहिला. महायुद्धांतील नोकरीनंतर १९१८ सालीं ते नीलगिरि पर्वतावरील कुन्नूर येथें आले, व तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलींत त्यांनीं बेरीबेरी रोगाचें संशोधन सुरू केलें. १९२३ सालीं सरकारी काटकसरीच्या समितीनें हें काम बंद पाडलें. वाचविलेला पैसा किती होता तें सोडा. एवढ्या मोठ्या देशांत लोकांच्या अन्नाची चौकशी करणारी ती एक खोली होती. सुदैवानें दोन वर्षांनीं काम पुनः सुरू झालें, आणि १९२९ पासून त्याच जागीं पोषण-संशोधनाची मोठी प्रयोगशाळा उभी राहून ते तिचे संचालक झाले.

तेथील उंदरांचा प्रयोग मराठी वाचकांस विशेष गंमतीचा वाटेल. निरनिराळ्या प्रांतांतील लोक जें जेवण जेवतात तेंच त्यांनीं उंदरांच्या वेगवेगळ्या गटांस दिलें. शिखांच्या जेवणावर, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजीपाला व क्वचित् मांस यांवर, वाढलेले उंदीर सर्वांत सशक्त निघालें. त्यांचें सरासरी वजन २३५ ग्रॅम भरलें. दुसरा नंबर पठाणांचा व तिसरा मराठ्यांच्या जेवणाचा, २२५ ग्रॅम. मद्रासकडील सडलेल्या तांदुळाच्या भातावर वाढलेले उंदीर १५५ ग्रॅमवरच राहिले. आमच्या भाकरी-वरणाला तिसरें बक्षीस मिळालें हें वाचून आम्हांस थोडा अभिमान वाटला, हें लपवीत नाहीं. १९२८ सालीं त्यांनीं या देशांतील शाळा, कॉलेजें व बालवीर-पथकें यांच्यासाठीं अन्न या विषयावर एक सोपें क्रमिक पुस्तकहि लिहिलें. मोठा संशोधक मुलांसाठीं पुस्तक लिहावयास बसतो, असें फारसें आढळत नाहीं. १९३३ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली व १९३५ सालीं ते सेवानिवृत्त होऊन ऑक्सफर्ड येथें राहावयास गेले.

इकडे आपल्या देशांत गलगंड होताच. स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं हिमाचलांतील कांगडा खोऱ्यांत मोठा प्रयोग हातीं घेण्यांत आला. त्याचे प्रमुख डॉक्टर रामलिंगस्वामी हे पूर्वीं कित्येक वर्षें कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेंत काम केलेले होते. खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ व एकांत साधें मीठ पाठविलें. आरंभीं शाळेंतील मुलांत गलगंडाचें प्रमाण शंभरीं अडतीसच्या आसपास होतें. पांचसहा वर्षांत आयोडीनच्या दोन भागांत तें निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं आलें. साध्या मिठाच्या भागांत मुळींच कमी झालें नाहीं. त्या आधारावर १९६२ सालीं देशभर गलगंड-निवारणाची योजना सुरू झाली, आणि २००६ पासून खाण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या मिठांत आयोडीन असलेंच पाहिजे असा कायदा आहे.

यासाठीं लागणारें आयोडीन किती म्हणाल, तर सत्तर वर्षांच्या आयुष्यास लागणारें सगळें आयोडीन चहाच्या एका चमच्यांत मावेल. पण शरीर त्याचा मोठा सांठा करीत नाहीं. तें रोज थोडें थोडें मिळावें लागतें. मोठ्या माणसास दिवसाला दीडशें मायक्रोग्रॅम व गर्भिणीस आणि अंगावर पाजणाऱ्या मातेस अडीचशें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलें आहे. घरांतील मीठ झांकणाच्या कोरड्या बरणींत ठेवावें. उघडें व ओलसर राहिल्यास त्यांतील आयोडीन हळूहळू कमी होतें. उपासाला वापरतात त्या सैंधवांत तें सहसा नसतें, म्हणून गरोदर स्त्रीनें रोजच्या जेवणांत केवळ सैंधवच वापरणें बरें नाहीं. आयोडीन भरपूर असूनहि कांहीं स्त्रियांचा थायरॉइड पिंड दुसऱ्या कारणांनीं मंद असतो. रक्ताच्या साध्या तपासणीनें तें कळतें, व डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज एक गोळी घेतली म्हणजे बालकास धोका राहत नाहीं. ही तपासणी दिवस राहिल्याचें कळतांच करावी, सातव्या महिन्यांत ओटीभरण झाल्यावर नव्हे. मात्र आयोडीनचीं औषधें कोणीं आपल्या मनानें घेऊं नयेत. अतिरेकहि पिंडास बाधतो.

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस हलविण्यांत आली व तेथें ती राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें आजहि काम करीत आहे. सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे १८ मे १९६० रोजीं ऑक्सफर्ड येथें, वयाच्या ब्याऐंशींव्या वर्षीं वारले. कांगड्याच्या मुलांचे गळे तेव्हां मोजले जात होते. निकाल हातीं यावयास अद्याप दोन वर्षें होतीं.